सतरावर थांबायचा

एविंदुर गेला तेव्हा त्याच्यावर पेपरात नऊ लेख आले. त्यातले सहा मी लिहिलेले. माझ्या नावानं मात्र एकही नव्हता.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं घोळ नको.

आमच्या ब्रेक्कुएरी गावात काय, सगळ्या आइसलंडात काय, माणूस मेला की त्याच्यावर लिहायचं असतं. पोरांनी, भावांनी, बोटीवरच्या सोबत्यांनी, शेजाऱ्यांनी. ज्याला वाटेल त्यानं. आणि ज्या दिवशी माणूस पुरायचा त्याच दिवशी ते फोटोसकट पेपरात यायचं. मंत्र्यालाही पान आणि मासे सोलणाऱ्या बाईलाही पान. नाही लिहिलं तर लोक विचारतात, का बुवा नाही लिहिलं? काही बिनसलं होतं का?

आता लिहायला पाहिजे म्हणणं सोपं. बसा की लिहायला. चाळीस वर्षं दोरखंड ओढलेला गडी, वादळात ज्याच्या हाताला कंप सुटत नाही, त्याच्या हातात पेन द्या आणि बघा मजा. ‘तो चांगला माणूस होता’ इथपर्यंत गाडी येते आणि तिथंच रुतते. मग तो गडी इकडं तिकडं बघत माझ्या शेडमध्ये येतो.

मी थोरगिल्स. बंदरावर जाळी दुरुस्त करतो. शाळेचं म्हणाल तर तेराव्या वर्षी मास्तर एरलेंदुरनं माझी निबंधाची वही आमच्या बापाच्या पुढ्यात टाकली आणि म्हणाला, “याला बोटीवर धाड. शाई तरी वाचेल.” बापानं धाडला. मास्तर अजून जिवंत आहे, नव्वदीला आलाय, आणि रोज सकाळी पोहण्याच्या तलावावर माझ्यासमोर गरम हौदात बसतो. त्याचं पुढं येईलच.

तर लिहिण्याचं असं. आलेल्याला मी कॉफी देतो आणि सांगतो, मोठेपणा सांगू नको. हाताचं सांग. तो हातानं काय करायचा? कप कसा धरायचा? टोपी कुठं टांगायचा? मग माणूस बोलायला लागतो. बोलता बोलता नाक पुसायला लागतो. ते झालं की मी त्याला घरी धाडतो आणि लिहायला बसतो. लिहिलेलं त्यानं आपल्या अक्षरात उतरवून काढायचं, माझा कागद मी स्टोव्हमध्ये टाकणार. आणि दोघांनी कुणाला बोलायचं नाही. गावात अशी तीसेक माणसं असतील, आणि प्रत्येकाला वाटतं की थोरगिल्सकडं जाणारा आपण एकटाच.

यात कष्ट आहेत बरं का. सगळ्यांचं एकसारखं झालं तर पकडले जाऊ. बंदरावरच्या बेर्गस्वेनच्या लेखात मी मुद्दाम हवामान घालतो, कारण तो माणूस बायकोच्या बाळंतपणाचं सांगतानाही आधी वारा कुठला होता ते सांगतो. कुणाची वाक्यं तोडतो, कुणाची लांबवतो. एकाच्या लेखात दोन चुका पेरतो. आणि मिळतं काय? वाळवलेल्या हॅडॉक माशाची पिशवी, कधी धुरावर टांगलेली मेंढीची तंगडी. पण खरं सांगू? पुरून आल्यावर हॉलमध्ये सगळी कॉफीला बसतात, क्रीमच्या गुंडाळ्या खातात, आणि एखादी म्हातारी पेपर पुढं करून म्हणते, “बघ ना, आपला मुका बेर्गस्वेन. काय लिहिलंय त्यानं!” तेव्हा मी गुंडाळी तोंडात कोंबून खाली बघतो. तंगडी त्याच्यापुढं काहीच नाही.

एविंदुर माझा दोस्त. स्कार्वुर बोटीवर अकरा वर्षं आम्ही एका केबिनमध्ये. तो वरच्या बंकवर, म्हणजे झोपायच्या फळीवर, मी खालच्या. त्याला एक सवय होती. झोपेत आकडे मोजायचा. एक, दोन, तीन. सावकाश. सतरावर आला की थांबायचा आणि हसायचा. लहान पोर हसतं ना, तसं. काय मोजायचा ते मी कधी विचारलं नाही. झोपेतलं विचारू नये माणसाला.

फेब्रुवारीत तो गेला. आणि आठवडाभर माझ्या शेडचं दार थांबलं नाही. बोटीवरचा आचारी येऊन गेला, बेर्गस्वेन येऊन गेला (वारा ईशान्येचा होता), शेजारी येऊन गेला, सोसायटीच्या दुकानातला येऊन गेला. नॉर्वेतून त्याच्या पोराचा, इस्लेवुरचा, फोन आला. पोरगा म्हणतो, “थोरगिल्स, तीन दिवस कागद घेऊन बसलोय. आई वाट बघतेय. मला काही येत नाही रे.” मी त्याला बोलता केला. मग तोच पाऊण तास बोलला.

शेवटी दिर्फिन्ना आली. ही तलावावर तिकिटं देते. साठीची, एकटी, अंगानं भरलेली, आवाज खणखणीत. तीस वर्षं खिडकीत बसलीय.

“मला लिहायचंय त्याच्यावर,” म्हणाली. “रोज सातला दार उघडलं की पहिला तोच. तीस वर्षं.”

“हातानं काय करायचा?”

“तिकिटाचे पैसे द्यायचा.”

“अजून?”

“गुड मॉर्निंग म्हणायचा.”

“ते तोंडानं झालं, दिर्फिन्ना.”

“मग मला काय माहीत! खिडकीतून माणूस केवढा दिसतो? छातीपासून वर.” आणि रडायला लागली. “पण रोज दिसायचा रे.”

आता एवढ्यावर लेख कसा उभा करायचा? आणि एक गोष्ट खरीच सांगतो. तेव्हा मी माझ्या स्वतःच्या लेखाशीही झगडत होतो. दुसऱ्यांचे पाच झाले होते आणि माझ्या नावाचा कागद कोराच. बसलं की ती एकच ओळ यायची, तो झोपेत मोजायचा ती. आणि ती लिहायची मला लाज वाटायची. एका जाळीवाल्यानं दुसऱ्या गड्याच्या झोपेबद्दल काय लिहायचं? म्हणून ती ओळ मी उचलली आणि दिर्फिन्नाच्या खिशात घातली. आधी एक वाक्य जोडलं, की सकाळी हौदात मान मागं टाकून बसला की त्याचा डोळा लागायचा. हे खोटं होतं. एविंदुर हौदात झोपणं दूरच, दुसऱ्यालाही झोपू द्यायचा नाही. पण लेख उभा राहिला.

मग पेपरवाल्यांची ओळींची मर्यादा. दिर्फिन्नाचा लेख दोन ओळींनी लांबला. मी वरून खाली वाचला आणि ते हौदाचं वाक्य काढून टाकलं. म्हणलं, लांबट आहे, खोटंही आहे, जाऊ दे. त्या दिवशी मला मोठा लेखक झाल्यासारखं वाटलं होतं. खोटं काढलं, खरं ठेवलं!

दिर्फिन्नानं रडत रडत उतरवून काढला आणि पाठवला.

माझा कागद कोराच राहिला.

शनिवारी पुरलं. दुपारच्या विमानानं पेपर आला, हॉलमध्ये हातोहात फिरला. सगळं नेहमीसारखं. एविंदुरची बायको साल्वर टेबलाच्या टोकाला ताठ बसलेली. पोराचा लेख तिनं तिथंच दोनदा वाचला. बाकीचे ती घरी नेऊन वाचणार होती.

सोमवारी सकाळी हौदात आम्ही चौघं. मी, बेर्गस्वेन, आचारी आणि मास्तर. बर्फ पडत होतं, डोक्यावर पांढऱ्या टोप्या झालेल्या. मास्तरनं पेपर आणला होता. प्लॅस्टिकमध्ये घालून आणतो तो, हौदात वाचायला.

“मला गावाचा संशय येतो,” मास्तर म्हणाला.

“कशाचा?” बेर्गस्वेन म्हणाला.

“तुम्हा सगळ्यांना मी शिकवलंय. तुझा निबंध मला आठवतो, बेर्गस्वेन. ‘आमची गाय’. तीन ओळी. त्यातली एक वाऱ्यावर. आणि आता तू लिहितोस, ‘त्याच्या जाण्यानं बंदराचा धक्का रुंद झाला’. हे कुठून आलं?”

बेर्गस्वेन पाण्याकडं बघायला लागला. “वय झालं की येतं,” म्हणाला.

आचाऱ्यानं नाकापर्यंत बुडी घेतली.

“आणि हे ऐका. दिर्फिन्ना.” मास्तरनं चष्मा पुसला. “‘झोपेत तो आकडे मोजायचा. एक, दोन, तीन. सतरावर थांबायचा आणि हसायचा.’” मग आमच्याकडं एकेकाकडं बघितलं. “हे दिर्फिन्नाला कसं माहीत?”

हौदात गप्पांपुढं पंप कधी ऐकू येत नाही. आत्ता यायला लागला.

मी ती ओळ पन्नासदा वाचली होती. पण लिहिणाऱ्याच्या डोळ्यानं. वाचणाऱ्याच्या डोळ्यानं आत्ता पहिल्यांदा वाचली.

“साल्वर आज आली नाही,” आचारी बुडीतून वर येऊन म्हणाला. “तीस वर्षांत पहिल्यांदा.”

आमचं गाव दोनशे चाळीस माणसांचं. दुपारपर्यंत दोनशे चाळीसांना कळलं. कुणी उघड काही म्हणालं नाही. आमच्याकडं उघड म्हणत नाहीत, दुकानात पाव घेताना नुसतं म्हणतात, “रोज सातला जायचा म्हणे.” दुसरी म्हणते, “दार उघडायच्या आधीच, असं ऐकलं.” झालं. तीस वर्षांच्या गुड मॉर्निंगचा रंग बदलला.

मंगळवारी साल्वरनं दिर्फिन्नाचा केक परत पाठवला. पुरायच्या दिवशी हॉलसाठी दिर्फिन्नानं पट्ट्यापट्ट्याचा केक केला होता, त्यातला अर्धा साल्वरकडं गेला होता. तो अर्धा तसाच, एकही फोड न काढता, तलावाच्या खिडकीपुढं ठेवलेला. सकाळी पोहायला आलेली माणसं त्याच्या बाजूनं पैसे ठेवून आत जात होती.

आणि माझ्यावरही संशय आलाच. “थोरगिल्सनं एक ओळ लिहिली नाही,” दुकानातला कुणाला तरी सांगत होता, मी मागं उभा होतो. “सख्खा दोस्त. त्याला सगळं ठाऊक असणार. म्हणून गप्प बसला.” लेका, तुझा लेख मी लिहिला! पण बोलतो कुणाला. अंडी घेतली आणि आलो.

बुधवारी दिर्फिन्ना शेडमध्ये आली. खणखणीत आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक.

“त्या ओळीत काय होतं रे, थोरगिल्स? मी नुसती उतरवली. मला वाटलं, छान आहे.”

“छानच होती.”

“लोक माझ्याशी बोलतात, पण तिकीट घेताना माझ्या हाताला हात लागू देत नाहीत. पैसे खिडकीवर ठेवतात.” ती दोऱ्यांच्या ढिगावर बसली. “मी पंधरवड्यानं जातेय. बहिणीकडं, दक्षिणेला. नोकरी सोडल्याचं सांगितलं मी.”

“अगं, वेडी आहेस का?”

“मग काय करू? तुझं नाव सांगू?” ती माझ्याकडं बघत म्हणाली. “तुला शब्द दिलाय. नाही सांगितलं. साल्वर समोरून गेली, तोंड फिरवलं, तरी नाही सांगितलं.”

ती गेल्यावर मी सुई हातात घेतली आणि तासभर एकही गाठ घातली नाही. मी सांगितलं, तर आचारी उघडा, बेर्गस्वेन उघडा. मास्तर सगळ्या गावाच्या निबंधाला लाल रेघा ओढणार. आणि ते जाऊ द्या, ती माणसं सहन करतील. पण साल्वर विचारणार, अजून कुणाकुणाचा लिहिलास? आणि तिच्या पोराचा लेख मला दिसत होता. हॉलमध्ये तिनं तो कसा धरला होता, दोन्ही हातांनी. दिर्फिन्नाला वाचवायचं तर त्या बाईच्या हातातनं ते काढून घ्यायचं का?

तरी गेलो. गुरुवारी, भर दुपारी.

साल्वरनं दार उघडलं, आत घेतलं, आणि कॉफी विचारली नाही. आमच्याकडं कॉफी न विचारणं म्हणजे थुंकल्यासारखंच. बूट काढून मी स्वयंपाकघरात बसलो. फ्रिजवर चुंबकाखाली इस्लेवुरचा लेख. कडेनं नीट कापलेला. मी तिकडं पाठ करून बसलो.

“बोल,” ती म्हणाली.

“दिर्फिन्नाचा लेख मी लिहिलाय.”

ती हसली. चांगलं नव्हतं ते हसणं. “तू?”

“मी.”

“तू तुझा लिहिला नाहीस. दोस्ताचा. आणि दिर्फिन्नाचा लिहिलास?”

“हो.”

“तिनं पाठवलं का तुला?”

“तिनं उलट शब्द पाळलाय. ती गाव सोडून चाललीय पण बोलत नाही.”

“मग तू तिला वाचवायला आलायस. भला माणूस आहेस, थोरगिल्स. नेहमी होतास. म्हणून तुझ्यावर विश्वास नाही.”

मी सगळं सांगितलं. केबिन, वरची बंक, सतरा, हसणं. ते हौदाचं वाक्यही म्हणून दाखवलं, काढून टाकलेलं.

“एविंदुर हौदात कधी झोपला?” ती म्हणाली.

“नाही झोपला. ते मी बनवलं होतं.”

“म्हणजे तू खोटं लिहितोस.”

“हातभर खऱ्याला बोटभर.”

“आणि आत्ता किती बोटं चाललीत?”

तिचं बरोबर होतं. दुसऱ्याच्या नावानं लिहिणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं खरं सांगितलं, तर ते कुणी का मानावं?

“झोपेत मोजून झालं की तो डावा पाय पांघरुणाबाहेर काढायचा,” मी म्हणलं. “पायमोजा काढून. कितीही थंडी असो.”

साल्वर बोटानं टेबलावरची रेघ गिरवत राहिली.

“तू ऐकलंस हे मला पटलं,” ती म्हणाली. “तिनं नाही ऐकलं, हे कसं पटावं?” आणि मग एकदम, माझ्याकडं न बघता, “तुला माहितीय का, मी कशानं झोपले नाही पाच रात्री? तो तिच्याकडं गेला असेल, याचं एवढं नाही. बेचाळीस वर्षं मी ते सतरा ऐकलंय. मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, विचारलं तर थांबेल. आणि पेपरात वाचलं तेव्हा वाटलं, तिनं विचारलं असेल. तिला माहीत असेल, सतरा काय ते.”

“तिला नाही माहीत.”

“तुला?”

“मलाही नाही. मीही नाही विचारलं.”

खिडकीबाहेर कुणीतरी फावड्यानं बर्फ ओढत होतं.

“बरं,” ती म्हणाली. “समज, तू लिहिलास. मग एकटीचाच लिहिला असशील असं नाही. अजून कुणाचा?”

“बेर्गस्वेनचा.”

“वारा ईशान्येचा,” ती म्हणाली. “मला वाटलंच, एवढं सरळ तो लिहीत नाही. अजून?”

“आचाऱ्याचा. दुकानातल्याचा. शेजारच्याचा.”

ती बोटं मोजत होती. “पाच झाले. अजून?”

माझी पाठ फ्रिजकडं होती. मी काय केलं असेल नसेल, पण मान वळवली नाही, एवढं मला नक्की आठवतं. कपाटाच्या मुठीकडं बघत राहिलो. पितळेची, एका बाजूला झिजलेली.

“थोरगिल्स, अजून?”

तिथं खोटं सांगायचं तर मी हातभर सांगितलं असतं, कुठलंही. लिहायला दिलं असतं तर पानभर. पण तोंडानं ते येईना.

साल्वर उठली. माझ्यामागं गेली. चुंबक उचलल्याचा आवाज आला, परत बसवल्याचा आवाज आला.

“हे नको सांगूस,” ती म्हणाली.

“मी काही बोललोच नाही.”

“तेच म्हणते मी.”

मग तिनं किटली ठेवली. दोन कप काढले. साखरेचे खडे पुढं केले. कॉफी ओतताना बशीत सांडली. पुसली नाही.

“नाड्यांचं ते त्यानं सांगितलेलं ना तुला?” तिनं विचारलं. पोराच्या लेखात ते होतं. बापानं त्याला बुटाची नाडी बांधायला शिकवताना बोटीची गाठ शिकवली, म्हणून त्याला अजून साधी गाठ येत नाही.

“पाऊण तास बोलत होता,” मी म्हणलं. “फोनवर. मी मध्ये फक्त हं हं केलं.”

ती मान हलवत राहिली. दोन खडे तोंडात धरून तिनं कॉफी प्यायली आणि मग कप खाली ठेवून म्हणाली, “आता घरी जा आणि तुझा लिही. तुझ्या नावानं. आणि त्यात दिर्फिन्नाचं असं सांग की गावाला पटेल, आणि बाकी कुणाची चड्डी सुटणार नाही. जमेल?”

“मला माझ्या नावानं लिहिता येत नाही, साल्वर.”

“ते मला नको सांगू. सहा लेख येतात आणि सातवा येत नाही?”

सहा म्हणाली. पाच नाही. मी ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

दोन दिवस लागले. दुसऱ्यांचे सहा चार दिवसांत झाले होते आणि माझ्या दोन मुठीएवढ्या लेखाला दोन दिवस. लिहिलं, की वाटायचं हे बेर्गस्वेनसारखं झालं. खोडलं, की वाटायचं आता आचाऱ्यासारखं. इतकी वर्षं मी इतरांचे आवाज काढले, आता माझा कुठला तेच सापडेना. शेवटी स्वतःलाच कॉफी दिली आणि विचारलं, हातानं काय करायचा? मग आलं.

पेपरात उशिरा आलेलेही लेख छापतात. पुढच्या शनिवारी आला. एवढाच होता:

‘एविंदुर माझ्या वरच्या बंकवर झोपायचा. अकरा वर्षं. झोपेत सतरापर्यंत मोजायचा आणि हसायचा. जाग आली की मी खालून ऐकत पडायचो. हे मी गेल्या आठवड्यात दिर्फिन्नाला तिकिटाच्या खिडकीपाशी सांगितलं, कारण मला कुणाला तरी सांगायचं होतं. तिनं ते माझ्यापेक्षा लवकर आणि चांगलं लिहिलं. सतरा म्हणजे काय ते मला माहीत नाही. साल्वरला विचारलं, तिलाही माहीत नाही. आम्ही दोघांनी न विचारता ऐकलं. वरून त्याचा हात खाली लोंबायचा, तो मी उचलून परत वर ठेवायचो. — थोरगिल्स, जाळीवाला.’

हाताचं ते साल्वरला सांगितलं नव्हतं. ते लिहितानाच आठवलं.

तिकिटाच्या खिडकीचं बोटभर खोटं. बाकी खरं.

सोमवारी सकाळी सातला तलावावर गेलो. खिडकीपाशी साल्वर उभी, पोहण्याची पिशवी काखेत. आत दिर्फिन्ना. मी मागं थांबलो.

“केक उरलाय का?” साल्वरनं विचारलं.

“कुठला केक?” दिर्फिन्ना सावधपणे म्हणाली.

“पट्ट्यांचा.”

“तो वाळला असेल.”

“कॉफीत बुडवू.” साल्वरनं पैसे पुढं केले. खिडकीवर ठेवले नाहीत, हात पुढं करून दिले. दिर्फिन्नानं घेतले. घेताना लगेच सोडला नाही तो हात. मग तिचा आवाज परत आला, सगळ्या तलावभर, “गुड मॉर्निंग, साल्वर! आणि तू काय मागं लपतोस, थोरगिल्स, पैसे काढ!”

ती दक्षिणेला गेली की नाही, ते विचारू नका. अजून त्याच खिडकीत आहे.

हौदात सगळे होते. बेर्गस्वेन, आचारी, दुकानातला. साल्वर टोकाला येऊन बसली, गळ्यापर्यंत पाण्यात. मास्तरनं प्लॅस्टिकमधला पेपर उघडला आणि माझा लेख वाचला. तोंडानं नाही, मनात. बराच वेळ लावला. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी वहीकडं बघितलं होतं तसंच.

“थोरगिल्स,” म्हणाला, “एकही चूक नाही.”

“नसेल.”

“तुला मी ओळखतो. तुला पूर्णविराम कुठं द्यायचा ते कळत नव्हतं.” तो पुढं वाकला. “खरं सांग. हे तुला कुणी लिहून दिलं?”

बेर्गस्वेननं आकाशाकडं बघितलं, वारा कुठला आहे ते. आचारी बुडाला. दुकानातला डोक्यावरचं बर्फ झटकायला लागला, नसलेलं. साल्वरनं तोंडावर पाणी मारून घेतलं, पण तिचे खांदे हलताना मला दिसले.

“आहे एकजण,” मी म्हणलं. “नाव सांगू नको म्हणालाय.”

मास्तरनं मान डोलावली. “मला वाटलंच,” म्हणाला, आणि पेपर घडी करून ठेवला.